मिलिमीटरची सत्ता

शुद्ध पाण्यात हिरवा लेझर सोडला, तर त्याची शक्ती एक-तृतीयांशाच्या आसपास यायला सुमारे २२ मीटर पाणी लागतं. कारखान्यातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरची तीच गत पहिल्या दहा-बारा मायक्रोमीटरमध्ये होते, केसाच्या जाडीच्याही आत. पाणी तेच, पण फरक जवळजवळ २० लाख पट!

म्हणून ५ मिलिवॉटचा हिरवा किरण सेंटिमीटरभर शुद्ध पाण्यातून गेला, तर मागे राहतात फक्त दोनेक मायक्रोवॉट. किरण मिलिमीटरभर जाड असेल, तर त्याच्या वाटेत जेमतेम ८ मिलिग्रॅम पाणी येतं आणि ते सेकंदाला अंशाचा पंधरा हजारावा भाग तापतं. पाण्याऐवजी कोरा, काळाकुट्ट चहा घ्या. सगळा प्रकाश तिथेच जिरला, तर हाच वेग सरासरी सेकंदाला ०.१५ अंश होतो.

खोलीच्या तापमानाला एका अंशाने तापलेलं पाणी चार हजारांत एक भाग हलकं होतं. तेवढ्यावर ते वर चढू लागतं आणि अभिसरण सुरू होतं. खालून तापवलेल्या सपाट थराला मात्र उंबरठा ओलांडावा लागतो. बेनार या शास्त्रज्ञाने १९०० साली असे थर तपासले, रॅले या शास्त्रज्ञाने १९१६ साली त्यांचं गणित मांडलं. तापलेल्या द्रवाची वर चढायची ओढ तिला अडवणाऱ्या गोष्टींच्या किती पट आहे, हे रॅले अंक सांगतो. घट्ट तळ-झाकणाच्या थरात तो १७०८ च्या पुढे गेल्याशिवाय द्रव हलत नाही. लेझर बाजूने तापवतो, त्यामुळे त्याला हा उंबरठाच नाही. प्रश्न एवढाच की आधी कोण पोचतं, वाहणारं पाणी की नुसती झिरपणारी उष्णता.

इथे खरी सत्ता लांबीची. झिरपणाऱ्या उष्णतेला पाण्यात एक मिलिमीटर जायला ७ सेकंद लागतात, सेंटिमीटरला १२ मिनिटं आणि मीटरला पावणेतीन महिने! रॅले अंक तर लांबीच्या घनाने वाढतो: एका अंशाच्या फरकाला मिलिमीटरवर २०, सेंटिमीटरवर २० हजार, मीटरवर २ हजार कोटी. सूर्याच्या पृष्ठभागावर अभिसरणाचा एकेक दाणा हजारेक किलोमीटरचा असतो, यात मग नवल ते काय.

पण मला मिलिमीटरचाच खेळ जास्त आवडतो. तापलेला द्रव प्रकाशाला भिंगासारखा पसरवतो, हे बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. रंगीत द्रवातून आलेल्या जोरदार किरणाची भिंतीवर गोल कडी उमटतात. प्रवाह वर चढू लागला की त्यांचा वरचा अर्धा भाग आत चेपतो. डोळ्यांना न दिसणारा प्रवाह असा भिंतीवर मोजता येतो. आणि पाणी २ अंशांवर असेल, तर तापलेला भाग चक्क खाली जातो, कारण ४ अंशांपर्यंत पाणी तापताना जड होत असतं.