पोटात कळ येते, ती गणिताची

सीईटीचे दिवस जवळ आले की आमच्या बाह्यरुग्ण विभागात बारावीची मुले दिसू लागतात. कुणाच्या पोटात कळ येते, कुणाला धडधडते, कुणाची झोप उडालेली. भोसरी, चिखली, चाकणकडची मुले. वडील कंपनीत पाळ्यांवर. तपासण्या बहुधा नॉर्मल येतात. मग आई हळूच म्हणते, "डॉक्टर, गणिताचं नाव काढलं की असं होतं. बुद्धीचं एखादं टॉनिक द्या ना."

असे टॉनिक नाही. पण मुले नाटकही करत नाहीत. लायन्स आणि बायलॉक या संशोधकांनी २०१२ मध्ये मेंदूचे स्कॅन करून पाहिले. गणिताची धास्ती असलेल्यांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग 'आता गणित येणार' या नुसत्या सूचनेनेच जागे झाले. प्रत्यक्ष सोडवताना तसे दिसले नाही.

आकडेमोड करताना हातचे आणि मधल्या पायऱ्या मेंदू तात्पुरत्या जिथे धरून ठेवतो, ती जागा फार अपुरी असते. 'जमलं नाही तर? बाबांनी क्लासची फी भरलीय' हे विचार तिथेच ठाण मांडतात. म्हणून घरी सुटलेले गणित केंद्रावर अडते. 'घाबरू नकोस' म्हटल्याने ती जागा मोकळी होत नाही.

भीती कागदावर उतरवून मात्र काहींना फरक पडतो. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटे मनातली काळजी लिहून काढलेल्या धास्तावलेल्या विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले. सराव परीक्षेपूर्वी करून पाहावे. खर्च एका कागदाचा.

खरा आत्मविश्वास मात्र सुटलेल्या गणितांतूनच येतो. उत्तर शेजारी उघडे ठेवून 'समजलं' म्हणणे हा सराव नव्हे. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून सोडवावे. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटे. अडले की पुढे जायचे, हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये. अकरावीच्या भागाला सुमारे २० टक्के भार असतो. ज्याचा धीर सुटला आहे त्याने सरळ रेषा, वर्तुळ अशा तिथल्या सोप्या गणितांपासून सुरुवात करावी. (वैद्यकीयला आलेल्या आमच्यापैकी कित्येकांनी गणिताला रामराम ठोकायलाच जीवशास्त्र धरले, हे इथे सांगायला हरकत नाही.)

झोपेचे काय? वडील दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येतात, एकाच खोलीत दिवा लागतो, ताटे वाजतात, मुलाची झोप मोडते. परीक्षेपर्यंत एवढे दिवस जेवण ओट्यावर झाकून ठेवावे, मोठा दिवा लावू नये. दिवसा वाचलेले पक्के होण्यासाठी झोप लागते. पहाटेपर्यंत चहावर जागून ते साधत नाही.

धडधड थांबवायला मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी परस्पर घेऊ नये. दमा असलेल्या मुलाला तिने जिवावर बेतू शकते.

आणि दोन आठवडे झोप-जेवण सुटले असेल, मूल गप्प झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. 'जगून काय करू' असे एकदा जरी बोलले तरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात आणा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतून.