पोलादाचं गुपित वाटणारे लोहार

१९७३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत नाईफमेकर्स गिल्डचं प्रदर्शन भरलं. हातानं चाकू घडवणाऱ्यांची ही संघटना तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. मेरीलँडहून आलेल्या बिल मोरान यांनी तिथे आठ चाकू मांडले. त्यांच्या पात्यांवर लाटांसारखी नक्षी होती. ती कुणी कोरलेली नव्हती, पोलादाच्या थरांतूनच उमटलेली होती. अशी 'दमास्कस' पाती घडवणारा कारागीर त्या काळी अमेरिकेत क्वचितच सापडत असे. मोरान यांनी मनात आणलं असतं, तर या विद्येचा मक्ता त्यांना आयुष्यभर सांभाळता आला असता. पण त्यांनी चाकूंबरोबर एका पुस्तिकेच्या प्रती आणल्या होत्या. ही पाती कशी घडवली याची सगळी कृती तिच्यात दिलेली होती, आणि ती ते फुकट वाटत होते.

आज अनेक देशांत हौशी कारागीर घरामागच्या शेडमध्ये छोटी गॅसभट्टी पेटवून अशी पाती घडवतात. त्या चळवळीचं मोठं श्रेय या पुस्तिकेला द्यावं लागतं.

कृती ऐकायला सोपी आहे. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, मध्ये टाकणखार टाकायचा म्हणजे तापलेल्या लोखंडावर कीट धरत नाही, आणि गठ्ठा पिवळाधमक होईपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करायचा. मग तो लांबवायचा, तोडायचा, पुन्हा एकावर एक ठेवून जोडायचा. दरवेळी थर दुप्पट होतात. दहा थरांपासून सुरुवात केली, तर पाचव्या घडीला तीनशे वीस थर होतात. शेवटी पातं घासून आम्लात बुडवलं की एक जात काळवंडते आणि निकेल असलेली दुसरी चकचकीत राहते. पण जोड देताना आच थोडी कमी पडली किंवा मध्ये कचरा राहिला, की थर सुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे सांगायला जाणता माणूस जवळ नसेल, तर नवशिक्याची वर्षं फुकट जातात.

मोरान यांच्या आधीची साखळीही पाहण्यासारखी आहे. १९३०च्या दशकात फ्लोरिडातले संत्र्या-लिंबांचे बागायतदार बो रँडल मिशिगनमध्ये होते. तिथे एकजण चाकूनं होडीचा जुना रंग खरवडत होता आणि तरीही चाकूची धार जात नव्हती. तो चाकू मिशिगनच्याच बिल स्केगल या कारागिराचा होता. रँडल त्या चाकूनं इतके भारले गेले, की त्यांनी स्वतःच चाकू घडवायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये त्यांच्या चाकूंचं नाव झालं. पुढे १९५३ साली बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरचा तरुण न्यूयॉर्कच्या 'अॅबरक्रॉम्बी अँड फिच' या दुकानात रँडलचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल, असं उत्तर मिळालं. त्यानं भंगारातून १९३७ सालच्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग मिळवली आणि जहाजाच्या भटारखान्यातल्या शेगडीवर तापवून आपला चाकू आपणच केला. पुढे त्याच दुकानात लव्हलेस यांचे चाकू विकले जाऊ लागले.

लव्हलेस यांनी नंतर घणापेक्षा ग्राइंडरवर भर दिला. पोलादाच्या तयार पट्टीतून नको तेवढा भाग घासून काढायचा, ही त्यांची पद्धत. टोकाकडे पाठ किंचित उतरती असलेला त्यांचा शिकारी चाकू इतका गाजला, की त्याची प्रतिकृती केली नाही असा कारागीर विरळा. जेट इंजिनांच्या कामाचं म्हणून ओळखलं जाणारं १५४-सीएम पोलाद चाकूंच्या जगात रुळलं, तेही त्यांच्यामुळे. १९७७ साली त्यांनी रिचर्ड बार्नी यांच्याबरोबर चाकू कसे करावेत याचं सचित्र पुस्तक काढलं. त्यात आपली पद्धत त्यांनी पायरीपायरीनं दाखवली आहे. ज्याच्या चाकूंसाठी गिऱ्हाईक ताटकळत असे, त्या माणसानं स्पर्धक तयार करणारं पुस्तक लिहावं, हे मोरान यांच्या पुस्तिकेइतकंच मोलाचं मानायला हवं.

याच्या उलट, गुपित राखण्याची गोष्ट आहे आरकान्सा राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावातली. एकोणिसाव्या शतकात तिथे जेम्स ब्लॅक नावाचा लोहार होता. १८३६ साली अलामोच्या लढाईत मारल्या गेलेल्या जिम बोवी याचा प्रसिद्ध चाकू यानंच घडवला, अशी तिथली परंपरा सांगते. इतिहासकारांना मात्र ते पुरेसं सिद्ध झालेलं वाटत नाही. ब्लॅक चामड्याचा पडदा लावून त्यामागे काम करत असे, म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलं ते कुणाला दिसू नये. पुढे त्याची दृष्टी गेली आणि एका डॉक्टरच्या कुटुंबानं त्याला आसरा दिला. त्या घरातला मुलगा डॅनियल वेबस्टर जोन्स पुढे आरकान्साचा गव्हर्नर झाला. त्यानं लिहून ठेवलं आहे, की म्हाताऱ्या ब्लॅकनं १८७० साली आपल्याला समोर बसवून गुपित सांगायचं ठरवलं. त्यानं आठवायचा खूप प्रयत्न केला, पण काहीच आठवेना. दोन वर्षांनी ब्लॅक वारला.

याच गावात १९८८ साली लोहारकामाची शाळा सुरू झाली आणि पुढे तिला बिल मोरान यांचं नाव मिळालं. ती काढण्यात पुढाकार होता अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचा. मोरान आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ही संस्था १९७६ साली स्थापन केली होती, कारण भट्टीत तापवून पाती घडवणारे अमेरिकेत तेव्हा बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

या संस्थेची परीक्षा म्हणजे हौस आणि शिस्त यांचा सुंदर मेळ आहे. उमेदवारानं स्वतः घडवलेलं पातं जास्तीत जास्त दहा इंचांचं हवं. आधी एक इंच जाडीचा, मोकळा लोंबणारा दोर एका फटक्यात तोडायचा. दोर खाली बांधलेला नसतो, त्यामुळे धार बोथट असेल तर तो नुसता झोके खातो. मग बांधकामात वापरतात तशी लाकडी फळी त्याच पात्यानं दोनदा आरपार तोडायची. एवढं झाल्यावर त्याच धारेनं हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून काटकोनात वाकवायचं, आणि ते मोडता कामा नये. केस भादरण्याइतकी कडक धार काचेसारखी तडकू शकते. म्हणून कारागीर धारेला कडक पाणी देतो आणि पाठ मऊ राखतो. हे साधलं की नाही, हे वाकवल्यावरच कळतं. परीक्षेत चाकू कायमचा निकामी होतो. त्यानंतर पाच नवे चाकू जाणकारांसमोर ठेवावे लागतात. त्यावरचा 'मास्टर' दर्जा हवा असेल, तर हीच कसोटी किमान तीनशे थरांच्या दमास्कस पात्यावर पार करावी लागते.

परीक्षेइतकीच महत्त्वाची असतात ती 'हॅमर-इन' नावाची संमेलनं. शनिवार-रविवार कुणाच्या तरी भट्टीवर लोक जमतात. मुरलेला कारागीर सगळ्यांसमोर पातं घडवतो आणि आपल्या हातखंड्याच्या युक्त्या सांगतो. आलेले आपापले चाकू टेबलावर ठेवतात, ते या हातातून त्या हातात फिरतात, आणि मूठ कुठे जड झाली, धारेची रेघ कुठे वाकडी गेली, हे नवशिक्याला तिथेच कळतं.

दमास्कसच्या कथेत भारताचा भाग मोठा आहे. मोरान यांची पाती थर जोडून केलेली होती. मध्ययुगातल्या नामांकित दमास्कस तलवारींसाठी मात्र दक्षिण भारतातलं आणि श्रीलंकेतलं, मातीच्या बंद मुशीत वितळवून केलेलं 'वुट्झ' पोलाद वापरलं जाई. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रममध्ये ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. १८१९ साली मायकेल फॅरडे यांनी वुट्झचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. ते स्वतः लोहाराचे चिरंजीव होते, पण नक्षीचं कारण त्यांच्याही हाती लागलं नाही. ते लागायला विसावं शतक संपत आलं. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवन आणि फ्लोरिडातले अल्फ्रेड पेंड्रे हे नालबंद-चाकूकार यांनी मिळून मुशीतलं पोलाद पुन्हा केलं. खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी किंचित अंश असेल, तरच कार्बाइडच्या रांगा लागून नक्षी उमटते, असं त्यांनी १९९८ साली मांडलं. तसं खनिज संपलं आणि कारागिरांना कारण उमगलं नाही, म्हणून ती विद्या लोपली असावी, हा त्यांचा तर्क आहे. गुप्ततेवर सगळा दोष टाकता येत नाही. पण जुन्या कारागिरांनी आच, वेळ आणि खनिजाची खाण लिहून ठेवली असती, तर शास्त्रज्ञांना इतकं अंधारात चाचपडावं लागलं नसतं.

महाराष्ट्रात आजही घिसाडी आणि लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांतून विळे, खुरपी, कोयते घडवतात. कारभारी सांडशीत लोखंड धरतो आणि कारभारीण घण घालते, हे दृश्य बाजाराच्या गावाला अजून दिसतं. लालीची कोणती छटा आली की पाणी द्यायचं, किती बुडवायचं, पात्याचा रंग कुठवर उतरू द्यायचा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत आहे, कागदावर फारच थोडं आहे. वाचकांपैकी कुणाच्या गावी अशी भट्टी पेटत असेल, तर त्यांनी एक दिवस तिथे बसावं, परवानगी घेऊन मोबाईलवर सगळं चित्रित करावं, कारागिराचं नाव आणि गाव त्याच्या संमतीनं नोंदवावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्यावेत.