घरांत आलेली पाकोळी

येरवड्यास मुळा-मुठेच्या काठीं दिवेलागणीला वटवाघळें उडूं लागतात. त्यांतलीं लहान, ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतों, तीं कौलांच्या व भिंतींच्या फटींत राहून रात्रीं किडे टिपतात. एखादी वाट चुकून खोलींत शिरली, कीं कोणी केरसुणी उगारतो, कोणी तिला हातानें पकडूं पाहतो. खरा धोका तेथेंच आहे.

अलर्काचें विष जनावराच्या लाळेंत असतें व दंशावाटे माणसांत शिरतें. आपल्या देशांत तें बहुतेक कुत्र्याकडून येतें. तथापि अमेरिकेंत वटवाघळांच्या दंशानेंहि माणसें दगावलीं आहेत. पाकोळीचे दांत इतके बारीक, कीं खूण दिसेलच असें नाहीं.

यास्तव पंखा थांबवावा, खिडक्या उघडाव्या, दिवा मालवावा आणि आंतलें दार ओढून घ्यावें. ती आपण होऊन निघून जाईल. चावल्यास जखम साबणपाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. निजलेल्या मुलाच्या खोलींत ती सांपडल्यास, खूण नसली तरी, वैद्यकीय सल्ला घ्यावा. पाश्चरनें १८८५ सालीं माणसाला लस टोंचली, तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. लक्षणें उमटल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहीं. म्हणून दंश लहान, एवढ्यावरून हयगय करूं नये.