जबड्याचे फोटो बघून कोणी तंबाखू सोडतं का?

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, किंवा घरात सगळे झोपलेत आणि इयरफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. जसं बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अं' थोडे कमी केलेत.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आला. बारावीतला मुलगा आहे. त्यानं लिहिलं, "ताई, आमच्या कॉलेजात व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं. सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले. दोन मुलींना चक्कर आली. आणि संपल्यावर आमची अर्धी गँग थेट टपरीवर. मग असल्या कार्यक्रमांचा उपयोग काय?"

मी पुण्यात एका वस्तीतल्या छोट्या संस्थेत चार वर्षं शनिवारी दुपारी जाते. आठवी ते दहावीची मुलं-मुली, एक पत्र्याची खोली, एक कॅरम. त्यामुळे या प्रश्नावर माझं मत आहे, आणि ते स्पष्टच सांगते: नुसत्या भीतीचा उपयोग फार कमी होतो.

का, ते बघा. चौदा वर्षांच्या मुलाला तुम्ही सांगताय की पन्नाशीत कॅन्सर होईल. त्याच्यासाठी पन्नाशी म्हणजे दुसरा ग्रह. त्या वयात मेंदूतला 'मजा येतेय, अजून दे' म्हणणारा भाग जोरात असतो आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा भाग अजून घडत असतो. तो पुरता घडायला पंचविशी उजाडते. शिवाय फोटोतला माणूस आपला कोणी नसतो. पुडी पुढे करणारा मात्र आपला जिगरी असतो. मुलाला त्या क्षणी कॅन्सरची भीती नसते. भीती असते ती गँगमधून बाहेर पडण्याची.

हे जगात आधीच तपासून झालंय. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस शाळेत येऊन ड्रग्जबद्दल शिकवायचे. देशभर पसरला, टी-शर्ट, स्टिकर, सगळं. नव्वदच्या दशकात संशोधकांनी निकाल तपासले, तर ड्रग्ज घेण्यावर परिणाम जवळजवळ दिसेना. शेवटी 2009 मध्ये त्यांनी जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून नवा घेतला. त्यात भाषणं कमी आणि नकार द्यायचा, निर्णय घ्यायचा सराव जास्त.

हा सराव म्हणजे काय, ते आमच्या खोलीतलं सांगते. आम्ही छोटी नाटकं करतो. एक मुलगा चुना मळत येतो, "घे रे, एका चिमटीनं कोण मरतंय?" पहिल्या दिवशी समोरचा मुलगा हाताची घडी घालून म्हणाला, "तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे." सगळी खोली लोळली! आणि खरंच, असं कोण बोलतं हो मित्राशी? मग आम्ही विचारलं, तुम्ही खरं काय म्हणाल? तेव्हा खजिना निघाला. "नको, तोंड आलंय." "संध्याकाळी मॅच आहे, दम लागतो." "मला मळमळतं यार." एक मुलगी म्हणाली, "विषय बदलायचा. चल, आधी वडापाव खाऊ." मला हे सगळ्यात आवडलं. कारण नकार असा हवा की दोस्ती राहील आणि पुडी जाईल. हे दहा-दहा वेळा करून घ्यावं लागतं, पोहायला शिकवतात तसं. काठावरून पोहण्याचे फायदे सांगून कोणी तरंगत नाही.

दुसरी गोष्ट, चिठ्ठ्या. नाव न लिहिता दोन उत्तरं द्यायची. तुझ्या वर्गात किती जण तंबाखू-गुटखा खात असतील? आणि तू खातोस का? दर वेळी अंदाज अर्ध्या वर्गाच्या आसपास येतो. प्रत्यक्षातले 'हो' बोटांवर मोजण्याइतके. मुलं गप्प होतात. 'सगळेच करतात' हे वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं ठरलेलं असतं. देशपातळीवरही असंच आहे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरत होती. आकडा लहान नाही, देशाच्या हिशेबात ती लाखो मुलं आहेत. पण 'सगळेच' नक्कीच नाहीत.

आणि एक गोष्ट पोस्टरवर कधीच नसते, ती म्हणजे मशेरी. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी, काकू सकाळी भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावतात, आणि घरातली मुलगीही लावते. कारण ते 'दात घासणं' आहे ना! त्या मुलीला विचारलं, तंबाखू खातेस? ती मनापासून 'नाही' म्हणेल. सिगारेटवर फुली मारलेलं पोस्टर तिच्यासाठी नाहीच. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या ताईची गरज लागते. कुठल्या घरात काय चालतं, हे तिलाच माहीत असतं.

आता जरा लांब, आइसलंडला जाऊ. तिथे 1998 मध्ये 15-16 वयाच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी काय केलं? मुलांना खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले, पालकांना एकत्र आणलं, रात्री मुलांनी घरी कधी यायचं याचे नियम पाळायला लावले, आणि दर वर्षी शाळांमध्ये पाहणी करून निकाल त्याच गावाला परत दाखवले. थोडक्यात, मुलाला सुधारण्याआधी त्याची संध्याकाळ सुधारली.

तुम्ही म्हणाल, तो देश श्रीमंत, लोकसंख्या आपल्या एखाद्या शहराहूनही कमी. बरोबर आहे. आपल्याकडे शाळा सुटली की मैदानाला कुलूप लागतं. पण ही संध्याकाळ भरायचं काम इथेही होतं, संस्था करतात. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन 2002 पासून महापालिकेच्या शाळांमध्ये तंबाखूविरोधी शिक्षणाला क्रिकेट, नाटक, रोजगाराची कौशल्यं यांची जोड देतंय. व्यसन लागल्यानंतरच्या उपचारांसाठी पुण्यात मुक्तांगण आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं. नाव तुम्ही ऐकलंच असेल. लागण्याआधीचं काम मात्र बातमीत येत नाही. जो मुलगा व्यसनाकडे गेलाच नाही, त्याचा फोटो कसा काढणार? देणगी मागायला गेलं की हीच अडचण येते. आमच्या कॅरमची नवी सोंगटी घ्यायलाही पावती फाडावी लागते.

आता अवघड भाग. आमच्याकडे एक नववीतला मुलगा येतो. हुशार, नाटकात सगळ्यात पुढे. त्याच्या वडिलांची पानटपरी आहे, शाळेच्या कोपऱ्यावर. कायदा काय सांगतो? 2003 च्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत, तंबाखू विकायला बंदी आहे, आणि 18 वर्षांखालच्या कोणालाही कुठेही विकायला बंदी आहे. बालन्याय कायदा 2015 तर त्याहून कडक आहे. मुलाला तंबाखू दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे.

आम्ही शाळेबाहेर रस्त्यावर पिवळी रेघ आखायचं ठरवलं, हद्द दाखवणारी. सरकारच्या तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ही रेघ आहे. टेप घेऊन मोजत गेलो. टपरी हद्दीच्या आत आली. टेपचं दुसरं टोक या मुलाच्याच हातात होतं. तो काही बोलला नाही. पुढचे दोन शनिवार आलाही नाही.

आमच्यात भांडणं झाली. एक जण म्हणाला, तक्रार करा, कायदा तो कायदा. आमच्या ताई म्हणाल्या, त्या घराची चूल त्या टपरीवर पेटते, आधी घरी जाऊया. गेलो. वडील चिडले, मग शांत झाले. त्यांनी लहान मुलांना पुडी देणं बंद केलंय, 'वय अठरा' ची पाटीही लावलीय. टपरी अजून तिथेच आहे. जागा बदलून मिळावी म्हणून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय, चार महिने झाले. मुलगा परत यायला लागलाय. नाटकात आता तो पुडी विकणाऱ्याचं काम करतो, आणि गिऱ्हाईक लहान असेल तर काय बोलायचं ते स्वतःच लिहितो.

मला वाटतं ताईंचं बरोबर होतं. तुमचं मत वेगळं असेल तर कळवा, पुढच्या भागात वाचेन.

मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्या गँगसाठी एवढंच: पुढच्या व्याख्यानाआधी कॉलेजला चिठ्ठ्यांचा प्रयोग सुचव. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ज्याला सोडायचंय पण जमत नाही, त्याला हे नंबर दे, सगळे मोफत आहेत. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356. दारू किंवा ड्रग्जसाठी 14446. खूप टेन्शन असेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेली-मानस 14416, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि अठराच्या आतल्यांसाठी 1098.