जमीन सोडवली एकानं, हक्क कुणाकुणाचा?

'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांची नावं कमी होऊन वारसांची नावं लागली. जळगावशेजारच्या बुलढाण्यात मार्च 2025 मध्ये सुरू झालेली ही मोहीम 1 एप्रिलपासून राज्यभर राबवली गेली. वारस नोंदीवर भरपूर लिहून झालं आहे. पुढच्या टप्प्यात 'इतर हक्क' या रकान्यातल्या तगाई, बंडिंगचे बोजे, नजरगहाण अशा जुन्या नोंदी काढायचं ठरलं, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. भाऊबंदकीतले सर्वांत चिवट दावे याच रकान्यात दडलेले असतात.

जामनेर तालुक्यात कुठल्याही गावात ऐकायला मिळेल असं उदाहरण घेऊ. बापानं सहा एकर कोरडवाहू सावकाराकडे कब्जेगहाण दिली. तो वारला, आईही गेली. मागे तीन भाऊ, एक बहीण. थोरल्यानं कापसाचे पैसे घालून जमीन सोडवली आणि तोच कसत राहिला. पुढे नेरी, पहूर, वाकोद मार्गे जाणारा जळगाव-संभाजीनगर रस्ता मोठा झाला, जमिनीला भाव आला आणि धाकट्यांनी वाटणी मागितली. थोरल्याची मुलं म्हणतात, "आमच्या बापानं सोडवली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं ते दिलेलं आहे. गहाण मालमत्तेत ज्याचा म्हणून हिस्सा आहे, तो प्रत्येक जण ती सोडवू शकतो. मात्र फक्त आपल्या हिश्शापुरते पैसे भरून तेवढाच तुकडा सुटत नाही. गहाण फेडायचं ते पूर्ण. म्हणून थोरल्याला सगळी रक्कम भरावी लागली. त्यामुळे तो एकटा मालक होत नाही, पण सावकाराच्या जागी येतो. भावाबहिणींनी आपापल्या वाट्याची रक्कम आणि सोडवण्याचा वाजवी खर्च दिला, की त्यांचा हिस्सा मोकळा.

रक्कम कोणती, यावरूनही घरं फुटतात. येणं साठ हजार होतं आणि थोरल्यानं सावकाराशी चाळीस हजारांत तडजोड केली, तर प्रत्येकाकडून दहा हजारच मागता येतात, पंधरा नाही. सर्वोच्च न्यायालयानं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे ठरवून टाकलं: वर्गणी प्रत्यक्ष भरलेल्या पैशांची. म्हणजे थोरल्यानं भरण्याची पावती जपायला हवी. ती नसेल तर खरा पैसा भरणारा माणूसही कोर्टात उघडा पडतो.

आता सावकाराची चाल. गहाण अजून सुटलेलं नसताना तो तीन भावांपैकी एका अडलेल्याला गाठतो आणि त्याचा हिस्सा खरेदी करतो. त्याला वाटतं, आता आपण सहहिस्सेदार झालो, बाकीचे काय करणार? पण त्या खरेदीनं गहाणाची अखंडता त्यानं स्वतःच मोडलेली असते. उरलेल्यांना मग आपापल्या हिश्शापुरती रक्कम भरून तेवढी जमीन सोडवता येते. एरवी बंद असलेलं हे दार त्यानंच उघडलेलं असतं, हे फार थोड्या शेतकऱ्यांना कुणी सांगतं.

खरा घात होतो तो खरेदीखतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 1929 च्या दुरुस्तीपासून परतीची अट त्याच दस्तात असली तरच कोर्ट अशा खरेदीला गहाण मानतं. गावात मात्र खरेदीखत वेगळं आणि 'पैसे दिले की परत करीन' हा कागद वेगळा. तिथे वारसांचा सोडवण्याचा हक्कच उभा राहत नाही. अशा वेळी 2014 च्या सावकारी नियमन कायद्याचं कलम 18 पाहावं. व्यवहार सावकारी कर्जापोटी आणि पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात.

गहाण खरोखर गहाण असेल तर ते सहजासहजी मरत नाही. केंजळे विरुद्ध गाडे या महाराष्ट्रातल्या वतनी जमिनीच्या खटल्यात गहाण 1947 सालचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 17 एप्रिल 2020 रोजी सोडवण्याचा हक्क जिवंत असल्याचं सांगितलं. तरीही गाफील राहू नये. सोडवण्याच्या दाव्याची मुदत पूर्वी साठ वर्षं होती, 1963 च्या मुदत कायद्यानं ती तीस केली. कब्जेगहाणाला ही तीस वर्षं गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, हा 2014 चा निकाल मोठा आधार आहे. परतीच्या अटीवर केलेल्या, म्हणजे शर्तीच्या खरेदीला तो लागू पडत नाही.

बहिणींबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. बहुतेक घरांत तिच्याकडे वर्गणी कधी मागितलीच जात नाही, आणि पुढे 'तिनं काही दिलं नाही' म्हणून हक्कसोडवर सही मागितली जाते. हा अन्याय आहे. आधी हिशेब तिच्यासमोर मांडा, मग सहीचं बोला.

जामनेरच्या दिवाणी न्यायालयातून जळगाव आणि तिथून औरंगाबाद खंडपीठ, एवढ्या वाटेत पिढी सरते. फेरफारानं मालकी ठरत नाही, पण कंसात गेलेली गहाणाची नोंद हाच कित्येकदा एकमेव माग असतो. म्हणून 'इतर हक्क' साफ होण्याआधी जुन्या सातबाऱ्याची आणि त्या फेरफाराची नक्कल काढा, दुय्यम निबंधकांकडून गहाणखताची सूची दोन घ्या आणि फेरफाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस हरकतीविना जाऊ देऊ नका. नोटीस सासरी गेलेल्या बहिणीच्या हाती पडली का, तेही विचारा.