टिपाडाची कुळकथा

भरलेल्या टिपाडाचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं, तरी गोदामातला एकटा हमाल ते हलवतो. उचलण्याच्या फंदात तो पडतच नाही. वरची कड दोन्ही हातांनी धरून टिपाड स्वतःकडे कलतं करतो आणि तोल सापडला की खालच्या कडेवर गरागरा फिरवत हवं तिथे नेऊन उभं करतो. सगळा भार जमिनीवर, हातात फक्त तोल. ट्रकमधून माल उतरवायचा असेल तर खाली एक जुना टायर टाकतात. टिपाड फाळक्यावरून त्या टायरवर धप्पकन पडतं, उसळी घेतं आणि ती उसळी विरायच्या आत खालचा गडी त्याला बाजूला लोटून देतो. क्रेन नाही, फोर्कलिफ्ट नाही. शंभर वर्षांहून जुन्या या भांड्याने अजून बाजार सोडलेला नाही, त्याचं निम्मं श्रेय या हाताळणीला आहे.

बाजारात ज्याला २०० किंवा २१० लिटरचा ड्रम म्हणतात तो साधारण ८८ सेंटिमीटर उंच आणि आतून ५७ सेंटिमीटर रुंद असतो. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, रिकामं वजन सोळा ते वीस किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट माल तो पोटात घेतो. अंगावरच्या दोन फुगीर वळ्या शोभेच्या नाहीत. आडवा केलेला ड्रम या वळ्यांवर लोळतो, जमिनीला फक्त दोन ठिकाणी टेकतो आणि म्हणून सहज वळवता येतो. वळ्यांमुळे पत्र्याला ताठपणा येतो, तो सहजी चेपत नाही. माथ्यावर दोन तोंडं असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. मोठ्यातून माल ओतायचा, धाकट्यातून हवा आत जाऊ द्यायची. धाकटं उघडायला विसरलं की तेल गचके खात उसळतं आणि ओतणाऱ्याच्या पायावर येतं. ज्यात घट्ट किंवा दाट माल भरायचा त्या ड्रमचं अख्खं झाकण निघतं आणि ते लोखंडी कड्याने आवळून बसवतात.

ही घडण रूढ होण्यामागे अमेरिकेतल्या एका पत्रकार बाईचा हात आहे. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, तेव्हा ते भरायला लाकडी पिंपांखेरीज काही नव्हतं. ती गळायची, वाळली की त्यांच्या फळ्या सुटायच्या. त्या काळात ४२ गॅलनचं, म्हणजे सुमारे १५९ लिटरचं माप ठरून गेलं. बातम्यांत कच्च्या तेलाचा भाव ज्या बॅरलमागे सांगतात ते हेच माप. ते आता फक्त हिशेबात उरलंय, कारण कच्चं तेल जहाजांतून आणि नळांतून जातं. दारातलं टिपाड त्याहून मोठं, ५५ अमेरिकी गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं आहे.

ती पत्रकार बाई म्हणजे नेली ब्लाय या टोपणनावाने लिहिणारी एलिझाबेथ कॉक्रन. तिने १८८७ मध्ये वेड्याचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळातला कारभार उघडा पाडला होता आणि १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. पुढे तिने उद्योगपती रॉबर्ट सीमन यांच्याशी लग्न केलं. १९०४ मध्ये ते वारले आणि ब्रुकलिनचा आयर्न क्लॅड कारखाना तिच्या हाती आला. युरोपात तिने ग्लिसरीन पोलादी भांड्यांत भरलेलं पाहिलं होतं. तसं भांडं आपल्याकडे का होऊ नये, हा तिचा ध्यास. सुरुवातीचे नमुने गळले. अखेर तिचा कर्मचारी हेन्री वेरहान याने धातूच्या पिंपाची रचना बसवली. २६ डिसेंबर १९०५ रोजी पेटंट मिळाली आणि त्याने ती नेलीच्या नावे केली. कारखान्यातल्या माणसांनीच पैशांची अफरातफर केल्यामुळे पुढे तिचं दिवाळं वाजलं, ती पुन्हा बातमीदारीकडे वळली, पण पिंप टिकलं.

त्याला जगभर पोचवलं दुसऱ्या महायुद्धाने. आसामच्या विमानतळांवरून हिमालयाचे कडे ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला जो पुरवठा होत होता, त्यात इंधनाचे ड्रम प्रमुख होते. उलट बाजूला, प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावर उपाशी पडलेल्या आपल्या फौजेसाठी जपानी विनाशिकांनी १९४२च्या अखेरीस ड्रममध्ये अन्नधान्य भरलं, थोडी पोकळी ठेवली, ते दोरखंडांनी ओवले आणि रात्री समुद्रात सोडून दिले. किनाऱ्यावरच्या सैनिकांनी दोर ओढून ते आत घ्यायचे होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सोडलेल्या दीड हजारांपैकी तीनशेच्या आसपासच हाती लागले. बाकीचे उजाडल्यावर अमेरिकी विमानांनी बुडवले. युद्ध संपलं आणि लष्कराने मागे सोडलेली ही टिपाडं जगाच्या कानाकोपऱ्यात लोकांच्या हाती पडली.

भारतात या धंद्यातलं ठळक नाव बामर लॉरीचं. स्टीफन जॉर्ज बामर आणि अलेक्झांडर लॉरी या दोन स्कॉट माणसांनी १८६७ मध्ये कोलकात्यात काढलेली ही पेढी आज सरकारी कंपनी आहे आणि देशातल्या सर्वांत मोठ्या ड्रम-उत्पादकांत मोडते. नवी मुंबईत तळोज्याला, सिल्वासाला, आंध्रात चित्तूरला तिचे कारखाने आहेत. ड्रम बनतो कसा? पोलादी पत्र्याच्या गुंडाळीतून सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापतात. त्याची नळी वळवून दोन्ही टोकं विजेच्या दाबजोडाने सांधतात. मग कडा बाहेर वळवायच्या, वळ्या फुगवायच्या, तळ आणि माथा कडेशी दोन-तीन पदरी दुमडून दाबायचे; दुमडीत गळती रोखणारा लेप असतो. पुढे हवेच्या दाबाने गळतीची परीक्षा, मग रंग आणि भट्टी. माल आम्लधर्मी किंवा खाण्याचा असेल तर आतून लाखेसारखा लेप चढवून तोही भाजून घेतात. चाललेली लाइन पाहिली तर एकामागून एक ड्रम बाहेर पडताना दिसतात आणि हातांचं काम फार थोडं उरतं.

चित्तूरच्या कारखान्याचं कारण आंबा आहे. त्या पट्ट्यात तोतापुरीचा रस काढून निर्यात होतो आणि आपल्याकडे रत्नागिरीच्या हापूसचाही. निर्जंतुक केलेला रस आधी एका बंद पिशवीत भरतात, ती पिशवी ड्रममध्ये असते. एका ड्रममध्ये साधारण २१५ किलो रस मावतो. मध पाण्याहून जड, त्यामुळे तेवढ्याच ड्रममध्ये तो तीनशे किलोच्या जवळ जातो. वीस फुटी कंटेनरमध्ये असे ऐंशी ड्रम बसतात, चाळीसचे दोन थर. तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींतून निघणारी रसायनं, वंगणं, रंग, राळ या ड्रममधूनच जातात. खाण्याचा रस आणि विषारी रसायन बाहेरून जुळे दिसणाऱ्या भांड्यांतून प्रवास करतात, ही गोष्ट ध्यानात ठेवायची.

कारखान्याच्या लेखी ड्रम एकदाच वापरायचा असतो. लोकांच्या लेखी तो तिथून पुढे सुरू होतो. रिकामे ड्रम उचलणाऱ्या व्यापाऱ्यांची स्वतंत्र साखळी आहे. गळके आणि फार चेपलेले भंगारात जातात. चांगले निघालेले कॉस्टिकच्या गरम पाण्याने धुतात; आतला गंज निघत नसेल तर पोटात साखळ्या टाकून ड्रम फिरवतात आणि साखळ्या आपटून-घासून पत्रा साफ करतात. मग पोचे काढायचे, कडा सरळ करायच्या, गळती तपासायची, रंग मारायचा. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. ती धुणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि धुण्याच्या पाण्याचीही व्यवस्था लावावी लागते. परवानगी घेऊन काम करणारे आहेत, तसं कुठल्याशा नाल्याच्या काठी उघड्यावर ड्रम धुणारेही आहेत. रंग मारल्यावर दोघांचा माल सारखाच दिसतो.

घरात आणि रस्त्यावर त्याची किती रूपं सांगावीत! दुष्काळी गावात टँकर यायच्या आदल्या रात्रीपासून रस्त्याच्या कडेला टिपाडांची रांग लागते आणि माणूस झोपलेला असला तरी त्याचं टिपाड त्याचा नंबर धरून ठेवतं. रेशन दुकानात निळं रॉकेल याच बॅरलमधून हातपंपाने मापात यायचं. रस्त्याच्या कामावर डांबराची पिंपं लाकडाच्या जाळावर तापत ठेवलेली अनेकांनी पाहिली असतील. ती रिकामी झाली की उभी चिरून, पत्रा ठोकून सपाट करायचा आणि झोपडीच्या भिंतीला लावायचा. ढाब्यावरच्या तंदूरचा मातीचा घडा बहुधा टिपाडाच्या पोटातच बसवलेला असतो, मधल्या पोकळीत उष्णता धरणारं भरताड. रिकाम्या बंद ड्रमला पाणी दोनशे किलोहून थोडं अधिक उचल देतं. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं तरी दोन-तीन माणसांचा भार तो सहज पेलतो. चार ड्रम, वर बांबू आणि फळ्या, की झाला तराफा.

शेतात तर त्याने मापाचीच जागा घेतली. द्राक्षबागेतल्या फवारणीचं प्रमाण 'दोनशे लिटर पाण्याला' इतकं असंच सांगतात. अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी ज्याचा प्रसार केला, त्या जीवामृताची कृतीही दोनशे लिटर पाण्यावर बेतलेली आहे: दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आज हे बहुतेक निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात होतं, पण आकडा पोलादी पिंपाचा राहिला. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी भट्टी बसवली. पाचट बंद पिंपांत कोंबायचं, पिंपं भट्टीत ठेवून बाहेरून तापवायची. आतून सुटणारा वायू बाहेर पडून पेटतो आणि भट्टी त्याच्यावरच तापत राहते. शेतकरी एरवी जे पाचट फडातच पेटवून देतो त्याचा असा कोळसा होतो. या कामाला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

पण रिकाम्या ड्रमचं सर्वांत मोठं सोनं केलं ते वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादने. तिथे ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंधनं आणली. लोक जाड बांबू जमिनीवर आपटून ताल धरू लागले. पुढे बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे डबे आले आणि १९४०च्या दशकात तेलाचे ड्रम. बेट स्वतःच तेल काढणारं, शिवाय युद्धकाळात अमेरिकी तळ, त्यामुळे ड्रमला तोटा नव्हता. ड्रमचा तळ हातोड्याने ठोकत ठोकत वाडग्यासारखा खोल करतात, त्यावर छिन्नीने सुरांचे गोल आखतात, अंगाचा पत्रा हवा तेवढा कापतात, आगीवर तावून घेतात आणि मग एकेक सूर ठोकून जुळवतात. या वाद्याला पॅन म्हणतात. वरच्या सुरांच्या पॅनला अंग आखूड, खर्जाला अख्खा ड्रम. एली मॅनेट आणि विन्स्टन 'स्प्री' सायमन ही त्या घडणीतली पहिल्या फळीतली नावं. १९५१ मध्ये लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये त्रिनिदादच्या वादकांनी पॅन वाजवून दाखवला आणि टवाळांचं वाद्य म्हणून हिणवलं गेलेलं हे पिंप मैफिलीत जाऊन बसलं. तिथल्या भारतीय वंशाच्या जित समारू यांनी रेनेगेड्स या वाद्यवृंदासाठी रचना बांधल्या आणि पॅन वाद्यवृंदांची पॅनोरामा स्पर्धा नऊ वेळा जिंकून दिली.

इतकं कौतुक झाल्यावर त्याचे दोषही मोजायला हवेत. झाकण नसलेलं पाण्याचं पिंप हे डेंग्यूच्या डासाचं आवडतं ठिकाण. एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या अंगाला अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात, पाणी भरलं की पुन्हा जागी होतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळताना पिंप नुसतं पालथं करून भागत नाही, आतून खरवडून घासावं लागतं.

दुसरा धोका अधिक भयंकर. पेट्रोल, थिनर, सॉल्व्हंटचं पिंप रिकामं झालं तरी आत वाफ असते आणि हवेत मिसळलेली ती वाफ भरलेल्या पिंपाहून घातक ठरते. असं टिपाड अर्धं कापून हौद करायचा म्हणून कोणी गॅस कटर किंवा ग्राइंडर लावला, की झाकण तोफगोळ्यागत उडतं. तिसरा धोका आवाज करत नाही. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा अंश शिवणीत, आतल्या लेपात, गंजाच्या खवल्यांखाली बसून राहतो. साबणाने चार वेळा धुतलं तरी तो पुरता जात नाही. धुतल्याने वास जातो आणि वास गेला की माणूस निर्धास्त होतो.

तेव्हा जुनं टिपाड घ्यायला जाल तेव्हा पत्रा ठोकून पाहण्याआधी त्याची कुळकथा विचारा: यात आधी काय होतं? अंगावर किंवा तळावर उठवलेली यूएनची खूण शोधा. तिच्यातला 'एक-ए' म्हणजे पोलादी ड्रम. पुढे 'एक' असेल तर माथा कायमचा बंद, 'दोन' असेल तर झाकण निघणारं. त्यानंतरचं अक्षर एक्स असेल तर तो ड्रम सर्वांत घातक मालासाठीही चालतो असा त्याचा अर्थ. आत खरोखर काय भरलं होतं हे खूण सांगत नाही. ते जुन्या लेबलावरून किंवा विकणाऱ्याच्या तोंडून कळेल. खात्री पटली नाही तर ते टिपाड बांधकामाच्या पाण्याला घ्या, वाळू भरून वळणावर उभं करा, पण पिण्याचं पाणी आणि धान्य त्यात भरू नका. आणि कापायचं असेल तर नीट धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, जाणत्या माणसाकडूनच कापून घ्या.