हलकी रॅकेट, बेताचा खर्च



सोयाबीन मंडीत गेले, गहू पेरून झाला, की माळव्यातल्या गावांत संध्याकाळी अंगणात जाळी बांधली जाते. मुलांबरोबर थोरही बॅडमिंटन खेळतात, हे चांगलेच आहे. पण रॅकेट घेताना पुष्कळांची फसगत होते. कोणी स्वस्त जोडी दिसली म्हणून जड लोखंडी दांड्याची घेतो आणि महिनाभरात कोपर धरून बसतो. कोणी चित्रातल्या खेळाडूकडे पाहून पाच-सहा हजार मोजतो. इंदूरच्या बाजारात जाण्यापूर्वी काय पाहावे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

हलकी कशासाठी?

या खेळाचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली परदेशातील स्पर्धा जिंकली, तेव्हा लाकडी रॅकेटींचा जमाना होता. त्या शंभर ग्रॅमहून बऱ्याच जड असत. आज कार्बनच्या धाग्यांची रॅकेट ऐंशी ग्रॅमच्या आसपास येते. फुलाचे वजन अवघे पाच ग्रॅम. ते दूर जाते रॅकेटच्या वेगामुळे, आणि हलकी रॅकेट मनगटाने चटकन फिरते.

शेतकऱ्याला याचे महत्त्व अधिक आहे. दिवसभर विळा, खुरपे, पंपाची मूठ आवळून हात आधीच थकलेला असतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेली असते. तिच्यावर रोज ताण पडला की तेथे दुखू लागते. भरलेला तांब्या उचलताना किंवा कपडा पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ आली, तर खेळ थांबवून हाताला विश्रांती द्यावी. दुखणे हटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

वजन कसे ओळखावे?

चांगल्या रॅकेटच्या दांड्यावर किंवा मुठीजवळ ‘यू’ हे अक्षर व आकडा असतो. आकडा मोठा, तशी रॅकेट हलकी:

३ यू – ८५ ते ८९ ग्रॅम
४ यू – ८० ते ८४ ग्रॅम
५ यू – ७५ ते ७९ ग्रॅम

यात गटिंगचे वजन बहुधा धरलेले नसते, म्हणून तराजूवर काही ग्रॅम जास्त भरतात. मुलांना, स्त्रियांना व नव्याने शिकणाऱ्यांना ५ यू सोयीची. अंगात जोर असलेल्या तरुणाला ४ यू चालेल. आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराला तोलून दाखवायला सांगावे. बियाणे तोलून घेतो, मग रॅकेट का नाही? सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र आखूड दांड्याचीच द्यावी.

तोल पाहावा

कुऱ्हाड आणि काठी एका वजनाची असली तरी कुऱ्हाड जड वाटते, कारण तिचे वजन टोकाला असते. रॅकेटचेही तसेच आहे. ती एका बोटावर आडवी तोलून धरावी. मुठीच्या टोकापासून सुमारे २९ सेंटिमीटरवर ती स्थिर राहिली तर तोल मध्यम समजावा. त्याहून बराच पुढे तोल गेला तर ती डोक्याकडे जड. फटका जोराचा बसतो, पण हात लवकर थकतो. नवख्याने मध्यम तोलाची किंवा डोक्याकडे हलकी घ्यावी.

मूठ धरल्यावर बोटांची टोके व तळवा यांत करंगळीएवढी जागा उरावी. बारीक मुठीवर ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ बारीक करता येत नाही.

पैसे कोठे खर्चावेत?

दोन हजार रुपयांच्या आसपास पूर्ण कार्बनची रॅकेट मिळते. नवख्याला त्याहून महाग लागत नाही. स्वस्त रॅकेटीत कडे व दांडा यांच्यामध्ये धातूचा सांधा उघड दिसतो. तेथे वजनही वाढते आणि रॅकेट मोडतेही तेथेच. वाचलेल्या पैशांत चांगले गटिंग करून घ्यावे. ताण २० ते २२ पौंड पुरे. फार घट्ट तारेचा हादरा थेट कोपरात जातो. अंगणात वारा असतो, म्हणून पिसांचे फूल न घेता नायलॉनचे घ्यावे. ते टिकतेही जास्त.

निगा

कार्बन हलका असला तरी ठोकर सोसत नाही. दुहेरीत रॅकेटवर रॅकेट आपटू देऊ नये. मुलांना तिने खडे किंवा निंबोळ्या उडवू देऊ नयेत. एक तार तुटली की बाकीच्या तारा लगेच कापून टाकाव्यात, नाहीतर एकतर्फी ताणाने कडे वाकडे होते. उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर किंवा गाडीत रॅकेट ठेवू नये.

आणि खेळण्यापूर्वी पाच मिनिटे मनगट व खांदे फिरवून मोकळे करावेत. सकाळी याच हातांनी पुन्हा पाणी द्यायचे आहे, हे विसरू नये.